वाटणीआधीचं शिवार

केरबा सेक्रेटरींनी जीपमधून कॉम्प्युटर उतरवला तो नुकतं जन्मलेलं रेडकू उचलावं तसा, दोन्ही हात पोटाखाली घालून. राजारामपुरीच्या गल्लीत रविवारच्या गाड्या धुणारी माणसं हातातली पाइप तशीच धरून बघत राहिली.

"वैनी, पाय मागनं धुतो. आदी ह्येला कुठंतरी टेकवू द्या."

दीप्तीवहिनींनी जेवणाच्या टेबलावरची लोणच्याची बरणी उचलली आणि कॉम्प्युटर मधोमध बसला. पिवळा पडलेला डबा, पोट सुटलेला मॉनिटर, आणि कीबोर्डवरच्या आकड्यांचा रंग पार उडालेला. रोज दोन वेळा फॅट आणि लिटर दाबून दाबून बोटांनीच तो नेला होता. डब्याच्या कपाळावर हळदकुंकवाचा वाळका डाग होता, गेल्या दसऱ्याचा.

अनुजा थोरल्या भावाच्या स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. गडहिंग्लजहून पहिल्या एसटीनं आली होती, तोंडसुद्धा धुतलं नव्हतं. वहिनींचा फोन आला तेव्हा ती भाकरी थापत होती. "नेसरीकडच्या एका दूध संस्थेत एक शिवार अजून जिवंत हाय, अनू. भंगारवाला न्यायला आलता, सेक्रेटरींनी त्याला हाकलला. रविवारी इकडं आणतायत. मी राजाभावजींनाही बोलावलंय." एवढं ऐकून अनुजाची तव्यावरची भाकरी करपली. दुसरं कुणी असतं तर विचारलं असतं, दोघं भाऊ एका खोलीत बसणार का? अनुजानं विचारलं, "त्यात माझे शब्द असतील का गं अजून?"

शिवार म्हणजे काय, हे ह्या घराला सोयऱ्याधायऱ्यांना कधीच समजावून सांगता आलं नव्हतं. कॉम्प्युटर चालू केल्यापासून बंद करेपर्यंत त्याच्या पोटात जे सगळा कारभार बघतं, पडद्यावर काय दिसायचं, काय कुठं ठेवायचं ते ठरवतं, ती सिस्टीम. बाकीचं जग ती परदेशातल्या मोठ्या कंपन्यांकडून विकत घेतं, नाहीतर गुपचूप चोरून घालतं. ह्या तीन भावंडांनी स्वतःची केली होती. लिनक्सचा फुकट मिळणारा गाभा घेऊन थोरल्या अमरसिंहनं तो इतका हलका केला की मुंबईच्या ऑफिसांनी टाकून दिलेल्या डबड्यांवरही पळायचा. मधल्या राजवर्धननं मोटरसायकलवर ती डबडी बांधून आजरा, चंदगड, नेसरी पालथं घातलं. आणि बारावीनंतर घरी बसवलेल्या धाकट्या अनुजानं त्यातले सगळे शब्द घातले. एक काळ असा होता, की आजऱ्याच्या काजू कारखान्यापासून चंदगडच्या शेवटच्या वाडीपर्यंत सकाळचं दूध शिवारावर मोजलं जायचं.

मग वाटणी झाली.

राजवर्धन आला. चपला दारात काढल्या, पण टोकं रस्त्याकडं करून. लवकर निघायचं ठरवून आलेला माणूस तशाच काढतो. वहिनींनी ते बघितलं आणि पाणी देऊन परत येताना पायानं हळूच चपला घराकडं तोंड करून फिरवल्या.

"बस," अमरसिंह म्हणाला. वर बघितलं नाही.

"बसतो की," राजवर्धन म्हणाला, आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसला. मध्ये कॉम्प्युटर होता, त्यामुळं दोघांना एकमेकांची तोंडं दिसायची सोय नव्हती. दोघांनाही ते बरं वाटलं.

"वायर कुठाय?" अमरसिंहची लेक तेजस्वी टेबलाखाली शिरली होती. ती पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि खास ह्यासाठी आली होती.

"वायर माज्याजवळ हाय." केरबांनी पिशवीतून तांदळाची पुडकी बाजूला करत गुंडाळलेली वायर काढली. "घ्या. पर जाताना परत न्हेनार."

"का? कॉम्प्युटर देताय, वायर का नाही?"

"जनावर दिलं तरी दावं देत न्हाईत, ताई. दावं गेलं की गोठ्यातली लक्ष्मी मागनं जाती."

"अहो, पण हे मशीन आहे."

"मशीन हाय, म्हनून काय झालं? संस्थेचं दूध कुनी मोजलं इतकी वर्सं, तुमी?"

तेजस्वी हसली आणि वायर लावली. डब्यात पंखा घरघरला. पडदा आधी काळा राहिला, मग हिरवट झाला आणि मधोमध मोठ्या अक्षरांत प्रश्न उमटला:

कोन हाय?

केरबांनी एका बोटानं आपलं नाव आणि खूण टाइप केली. पडदा म्हणाला: या, बसा. आज काय करायचं?

तेजस्वीनं शिवाराबद्दल गोष्टी ऐकल्या होत्या. लहान असताना बाबांच्या कॉम्प्युटरवर तिनं शिवार पाहिलंही होतं, पण ते वाटणीनंतरचं. त्यात 'संचिका' होती, 'पुनरारंभ' होता. बाबांना वाटायचं, विद्यापीठात चालायला हवं. काकांच्या शिवारात 'फाईल' आणि 'रिस्टार्ट' होतं. काकांना वाटायचं, गिऱ्हाइकाला चालायला हवं. हे जे समोर होतं, ते तिनं कधीच बघितलं नव्हतं. ती एकेक दार उघडत सुटली.

"गाठोडं! फोल्डरला गाठोडं? आणि हे... काही वेळ लागला की म्हणतंय, जरा दम धरा. बाबा, हे उकिरडा काय आहे?"

"नको असलेलं टाकायची जागा," अमरसिंह म्हणाला.

"म्हणजे ट्रॅश."

"न्हाई," दारातून अनुजा म्हणाली. सगळ्यांनी वळून बघितलं. "कचरा न्हवे. उकिरड्यात टाकलेलं वाया जात न्हाई, त्याचं खत हुतं. लागलं तर परत मिळतं. पहिल्यांदा 'कचरापेटी' लिहिलंतं. आजऱ्यातल्या एका म्हातारीनं विचारलं, पोरी, पेटीत टाकलेलं नगरपालिका न्हेती, मग परत कसं यील? तिलाच विचारलं, मग काय लिहू? म्हणाली, आमच्यात उकिरडा असतोय."

तेजस्वी आत्याकडं बघत राहिली. आत्या म्हणजे दसऱ्याला कडाकण्या आणणारी, फोनवर 'जेवलीस का' विचारणारी. "हे सगळे तू लिहिलेस?"

"लिहिले कुठले. विचारले."

अमरसिंहनं चष्मा काढून पुसला. त्याला आठवत होतं ते दुसरंच. हाच हॉल, हंबीरराव मामा मधल्या खुर्चीत पंच म्हणून बसलेले, आणि मामांचा पहिला प्रश्न: "हे शिवार किती एकर हाय?" त्यांना समजावता समजावता दुपार झाली. दोघा भावांत पैशावरून नव्हे, पुढं काय करायचं ह्यावरून फाटलं होतं. अमरसिंहला अजून दोन वर्षं बसून सगळं नव्यानं घडवायचं होतं, राजाला आहे तेच सांगली-बेळगावात न्यायचं होतं. इतर कुणी कंपनी केली असती, वकील बघितला असता. ह्यांनी मामांना बोलावलं, आणि मामांना एकच वाटणी यायची. थोरल्यानं वाटे घालायचे, धाकट्यानं आधी उचलायचं. अमरसिंहनं दोन वाटे घातले: एक गाभा, एक नाव आणि गिऱ्हाइकं. राजानं नाव उचललं. गाभा उरला तो त्याचा.

आणि वेबसाइट? तिथनंच सगळ्या दूध संस्थांना नवं शिवार जायचं. "ही म्हणजे तुमची सामाईक विहीर," मामा समजून चुकल्यागत म्हणाले. "विहीर तोडायची नसते. पाण्याची पाळी लावा. एक आठवडा ह्याचा, एक आठवडा त्याचा."

आणि ह्या शिकलेल्या माणसांनी ते मान्य केलं! एक आठवडा अमरसिंहचं शिवार खाली उतरायचं आणि राजाचं पुसायचं, पुढच्या आठवड्यात राजाचं उतरायचं आणि दादाचं पुसायचं. पाळी बदलली की ज्या संस्थेत सकाळी 'संचिका' होती तिथं संध्याकाळी 'फाईल' आली, आणि एकाची संचिका दुसऱ्याच्या फाईलीत उघडेना. चंदगडला एका संस्थेत सकाळचं दूध दिसायचं, संध्याकाळचं नाहीसं व्हायचं. म्हशी एकदाच दूध देतात की काय, असं गावकरी विचारू लागले. वर्षाच्या आत सगळे शहरातल्या दुसऱ्या सिस्टीमवर गेले. जगातली सगळ्यात हलकी ऑपरेटिंग सिस्टीम पाण्याच्या पाळीत बुडाली, असं अमरसिंह पुढं कॉलेजात पोरांना शिकवताना म्हणायचा. पोरं हसायची. तो हसायचा नाही. शेवटी एका रागाच्या दुपारी त्यानं आपली प्रत स्वतःच पुसली होती.

"सेक्रेटरी, तुमच्यात कसं वाचलं हो हे?" त्यानं विचारलं. "तुम्हाला अपडेट गेलं असंल की."

"जानार कसं? नेटची वायर उंदरानं खाल्ली. मी म्हनलं, दूध तर मोजतंय, कशाला जोडायची?"

कॉम्प्युटरमागनं राजवर्धन हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. अमरसिंहनं ते ऐकलं. वाटणीनंतर पहिल्यांदाच.

"आता माझं ऐका," तेजस्वी म्हणाली. "हुबळीच्या बाजूला काही लोक मराठी शाळांमधले टाकून दिलेले कॉम्प्युटर परत चालू करतायत. त्यांना हलकी सिस्टीम पाहिजे, खेड्यातल्या पोरांना समजेल अशी. जगात दुसरी प्रत नाही. बाबांनी पुसली, काकांची शाहूपुरीच्या दुकानात महापुरात गेली. ही मी उतरवून घेते आणि इंटरनेटवर मोकळी ठेवते. कुणीही घ्या, वापरा, बदला. फक्त ज्यांची आहे त्या सगळ्यांचा होकार लागतो. एकानं जरी नाही म्हटलं तरी मी हात लावणार नाही."

"माझा होकार हाय," अमरसिंह म्हणाला. "पण जसंच्या तसं जायचं न्हाई. गाभ्यात चुका हायत, मला ठाऊक हायत. महिनाभर बसतो, सुधारतो, आणि ते शब्दसुद्धा जरा नीट करू. उकिरडा काय, कोन हाय काय... हुबळीचे लोक काय म्हणतील?"

अनुजा चहाचा ट्रे घेऊन दारातच थांबली.

"आलं का परत!" राजवर्धन उठलाच. "दोन वर्षं बसतो म्हणणारा महिन्यावर आला, एवढाच फरक. दादा, सुधारायचं असंल तर शिवार नावानं जाणार न्हाई. नाव माझ्या वाट्याला आलंय."

"नाव घेऊन काय केलंस रे? दुकानाच्या पाटीवर लावलंस, आणि पाटी पुरात वाहून गेली."

"आणि तुम्ही गाभा घेऊन काय केलं? पुसला!"

"पाव्हनं, पाव्हनं," केरबा म्हणाले, पण दोन्ही पावण्यांनी ऐकलं नाही.

खरं तर आपण 'हो' म्हणायला आलो होतो, हे राजवर्धनला ठाऊक होतं. जीपमधून तो डबा उतरताना त्यानं गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवून बघितला होता. ह्याच डब्याला मागं बांधून पावसात नेसरीचा घाट चढलो होतो, प्लास्टिकचा कागद त्याच्यावर आणि आपण भिजत. पण दादानं 'सुधारतो' म्हटलं की त्याच्या डोक्यात अजून तीच किल्ली फिरायची. आपण विकत होतो ते कधी दादाला पुरतं पसंत पडलंच नव्हतं.

"मग न्हाई," तो म्हणाला. "माझं नाव न्हाई देत."

"आणि माझा गाभा न्हाई," अमरसिंह म्हणाला.

तेजस्वीनं हात कीबोर्डवरून उचलले. पडद्यावर अजून तेच होतं, आज काय करायचं?

केरबांनी टोपी डोक्यावर घातली. "तसं असंल तर मी ह्येला परत न्हेतो. संस्थेत जागा न्हाई, पर घरात धान्याच्या कनगीशेजारी ऱ्हाईल. भंगारात घालायचं न्हाई, येवढं मात्र माज्या हातात हाय." त्यांनी वायरीला हात घातला.

"सेक्रेटरी, जरा दम धरा," अनुजा म्हणाली.

चहाचा ट्रे तिनं टेबलाच्या कडेला ठेवला. कप कुणाला दिला नाही. हे ह्या घरात पहिल्यांदाच घडत होतं.

"तेजू, तू काय म्हणालीस मगाशी? ज्यांचं आहे त्या सगळ्यांचा होकार. मग मला का विचारलं न्हाईस?"

राजवर्धन म्हणाला, "अने, तू हक्कसोड दिलीयस की. मामांच्या समोर सही केलीस."

"रानाची केली. वड्याकाठचं रान, घर, सगळ्याची केली. बहिणी करतात, मीपण केली, त्याचं मला काही न्हाई." तिचा आवाज चढला नव्हता, कॉम्प्युटरच्या पंख्याचा आवाज त्याहून मोठा होता. "ह्याची हक्कसोड तुम्ही मागितलीच न्हाई. मागणार कशी? ह्यात माझं काही हाय, हेच तुमच्या डोक्यात आलं न्हाई. तवा मी हितंच चहा करत हुते. वाटे पडताना आतनं ऐकत हुते. गाभा ह्याचा, नाव त्याचा. म्हटलं, आता कोणतरी विचारंल, शब्द कुणाचे? मग नुसताच कप परत आत आला, साखर जास्त झाली म्हणून."

केरबांनी वायरीवरचा हात काढला.

"आणि दुसरं," अनुजा म्हणाली. "मामांचा नियम काय हुता, दादा?"

अमरसिंह चष्मा परत पुसू लागला.

"तुम्हीच सांगा की. थोरल्यानं वाटे घालायचे आणि?"

"धाकट्यानं आधी उचलायचं," अमरसिंह पुटपुटला.

"धाकटं कोण?"

आता मात्र राजवर्धननं मान वाकवून मॉनिटरच्या कडेनं दादाकडं बघितलं. आणि दादा त्याच्याकडंच बघत होता. दोघांच्या तोंडावर एकच भाव होता, लहानपणी आईनं दोघांना एकदम पकडलं की यायचा तो.

"राजाभाऊनं उचललं, कारण तो मधला हाय हे सगळे इसरले. माझी पाळी राहिलीय. ती मी आज घेते." अनुजानं कॉम्प्युटरच्या पिवळ्या डोक्यावर हात ठेवला. "वाटणीच्या आधीचं हाय न्हवं हे? मग ह्याचे वाटे पडलेलेच न्हाईत. मी अख्खं उचललं. गाभा, नाव आणि शब्द. एक अक्षर न सुधारता."

"आणि आम्हाला काय?" राजवर्धननं विचारलं, पण आवाजात भांडण राहिलं नव्हतं. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तेजू मोकळं ठेवणार हाय की. जगातल्या प्रत्येकाला जेवढं, तेवढं तुम्हाला. दादा, तुम्ही तुमची प्रत घ्या, आयुष्यभर सुधारा. राजाभाऊ, तू तुझी घे, बेळगावात न्हे. कुणी कुणाचं पुसायचं न्हाई, म्हणजे झालं."

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि वहिनी आत जायच्याऐवजी तिथंच उभ्या राहिल्या.

अमरसिंहनं चष्मा परत डोळ्यांवर चढवला. हिला बारावीनंतर कॉलेजला का पाठवलं नाही, ह्याचं कारण त्याला आठवेना. कारण काहीतरी होतं. त्या वेळी ते सगळ्यांना पुरलं होतं. "नियम हाय," तो शेवटी म्हणाला. "नियमाला मी न्हाई म्हणू शकत न्हाई. तेजू, उतरव."

"काका?"

"माझं काय," राजवर्धन म्हणाला. "ती 'न्हाई' म्हणू देईल का?"

तेजस्वीनं पेनड्राइव्ह लावला. पडद्यावर हिरवी पट्टी सरकू लागली आणि खाली अक्षरं आली: जरा दम धरा. जुनं मशीन होतं, दम बराच धरावा लागणार होता. तोवर वहिनींनी केरबांनी आणलेल्या घनसाळ तांदळाचा भात टाकला, त्याचा वास घरभर पसरला. अनुजा खुर्चीत बसली होती, टेबलाशी, दोन भावांच्या मध्ये, आणि वहिनींनी चहाचा कप आधी तिच्यासमोर ठेवला.

"घाटात एकदा हे घेऊन घसरलो हुतो मी," राजवर्धन मॉनिटरला उद्देशून म्हणाला. "दादाला सांगितलं न्हवतं."

"मला ठाऊक हुतं," मॉनिटरच्या पलीकडनं आवाज आला. "उजवीकडच्या कोपऱ्यात पोचा हाय. मी आतनं ठोकून काढला हुता."

राजवर्धननं उजवा कोपरा चाचपला. मग त्यानं मॉनिटर थोडा बाजूला सरकवला. पट्टी दिसत नाही म्हणून, असं तो म्हणाला. पण त्यामुळं दोघांची तोंडं समोरासमोर आली.

पट्टी भरली. पडदा म्हणाला: झालं. बघून घ्या.

जेवणं झाल्यावर राजवर्धन चपला घालायला गेला आणि त्या घराकडं तोंड करून उभ्या बघून थबकला. वहिनींकडं बघितलं, त्या सुपारी कातरत होत्या. "पुढच्या रविवारी पाळी कुणाची?" त्यानं आतल्या बाजूला विचारलं.

"तुझी," अमरसिंह आतून म्हणाला. "मटण तू आण."

कॉम्प्युटर इथंच राहायचा ठरला. केरबांनी ठरल्याप्रमाणं वायर काढली, गुंडाळली आणि पिशवीत टाकली. अनुजा त्यांना सोडायला जीपपर्यंत आली. आता तिला आनंद व्हायला हवा होता आणि तो होताही. पण वहिनींना फोनवर विचारलेला प्रश्न तिच्या मनात अजून तसाच होता. हुबळीची पोरं वापरतील ते वापरतील. पण ज्यांच्याकडनं शब्द घेतले, त्यांच्याकडं तर आता नवं मशीन आलं होतं.

"सेक्रेटरी, नवीन मशीनवर सगळं इंग्रजीतच येतं का हो?"

"सगळं. बटनं, बिटनं, सगळं. चांगलं हाय, पर बोलत न्हाई आमच्यासंगट."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. संस्थेतून दीपाली, नव्या मशीनबरोबर लागलेली ऑपरेटर. ती इतक्या मोठ्यानं बोलत होती की अनुजालाही ऐकू येत होतं. सकाळच्या दुधाची नोंद चुकून पुसली गेली होती, शोधून सापडत नव्हती, आता संध्याकाळचे लोक येतील. बाकी सगळीकडं शिवार बंद पडलं तेव्हा ही पोरगी पाटीवर अक्षरं गिरवत असेल. केरबा एक पाय जीपमध्ये आणि दुसरा रस्त्यावरच ठेवून ओरडले, "अगं मग रडतीस कशाला? उकिरड्यात बघितलंस का?"

"बघते की," पलीकडनं पोरगी म्हणाली. कुठला उकिरडा, हे तिनं विचारलं नाही.